रांजणाला बिलगलेली आमरी

अक्का,

तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आत्याबाई चकलांब्याहून आल्या. चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि थेट मागच्या पडवीत जाऊन तुमच्या रांजणासमोर उभ्या राहिल्या. मामंजींची ही धाकटी बहीण. भावकीत कुणाच्याही घरी सुतक असो, काय शिवायचं, काय टाकायचं आणि काय नव्यानं आणायचं, हे त्यांनीच सांगायचं असतं.

"ह्यो रांजण उद्या भाईर जाईल," त्या म्हणाल्या. "दहाव्याला मातीचं भांडं घरात ठेवत न्हाईत. नवा आना, नवं पानी भरा."

"आत्याबाई, त्याला अक्कांच्या फुलझाडाची, आमरीची, मुळं धरून बसली आहेत," मी म्हणाले.

"धरून बसली म्हंजे?"

पडवीत अंधारलं होतं. त्यांना दिसत होती ती फक्त रांजणाच्या पोटाशी काहीतरी हिरवट, गुंतागुंतीची आकृती. "सकाळी उजेडात काढून टाका मंग," एवढं बोलून त्या आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले. तेव्हापासून मी तुमच्याशी बोलते आहे. हे लिहिणं म्हणजे त्या बोलण्याचाच उरलेला भाग.

काढून टाका. किती सोपं वाक्य आहे! ती मुळं रांजणाला नुसती चिकटलेली नाहीत, ती त्या मातीच्या कणाकणांत उतरलेली आहेत. रांजण गेला तर ती गेली, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. आणि या वेळी तिच्या दांड्यावर कळ्या आहेत, अक्का. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा त्या मुगाएवढ्या होत्या. आता हरभऱ्याएवढ्या झाल्या आहेत.

तुम्ही आमच्याकडे बीडला राहायला आलात तो दिवस मला नेहमी उन्हाच्या रंगात आठवतो. थोरले भावजी, तुमचे मालक, गेले त्याच वर्षी पंचायत समितीतली तुमची मुदतही संपली होती. शेती लेकाच्या हाती सोपवून, साखरेच्या औषधपाण्यासाठी म्हणून तुम्ही आलात. सामान म्हणजे एक पेटी, फ्रीजच्या पाण्यानं तहान भागत नाही म्हणून सोबत घेतलेला हा रांजण, आणि मांडीवर निरोपाच्या सत्कारात मिळालेली कुंडी. जीपमधून उतरताना तुम्ही ती कुंडी कुणाच्या हाती दिली नाहीत.

"मास्तरीणबाई, इकडं ये. हे खरं हाय का खोटं, सांग बरं. तू कविता शिकिवतीस."

मी हात लावला. पांढरी पाकळी गार होती, जराशी जाड, कानाच्या पाळीसारखी. फुलाच्या मधोमध एक छोटा गडद कंठ होता, कुंकवात हळद विरघळावी तशा रंगाचा, आणि त्या कंठातून काहीतरी आता उच्चारलं जाणार आहे असं वाटून मी नकळत श्वास रोखला. ऑर्किड मी फोटोंत पाहिलं होतं. फोटोंत त्याचं ते थांबणं दिसत नाही.

मग आठवडे उलटले आणि फूल तसंच. मोगरा संध्याकाळी उमलून सकाळी माती होतो, जास्वंद दिवसभरात मिटते. हे मात्र हटेना. तुम्ही रोज चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचात. एकदा म्हणालात, "मेंबरावानी हाय गं हे. एकदा बसलं की खुर्ची सोडत न्हाई!" आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

पण फुलं गळाली आणि तुमच्यातली शेतकरीण जागी झाली. तुम्ही कुंडी उलटी केलीत. आतून पडला तो कोळसा, झाडाच्या सालीचे तुकडे आणि नारळाची शेंडी. तुमचा संताप मला अजून ऐकू येतो. "बघितलंस? सत्काराच्या नावाखाली कचरा भरून दिलाय! माती घालायची बी दानत न्हाई लोकांची." मी म्हणाले, की या झाडाला माती लागत नाही, ते रानात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर हवेत मुळं सोडून जगतं. तुम्ही माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलंत, जणू मी पोर आईविना जन्मतं असं सांगत होते. चकलांब्याहून पोतंभर काळी माती आली. आपल्या वावरातली, तुम्ही चिमटीत घेऊन हुंगलेली. त्यात मुरलेलं शेणखत. आणि रोज अंघोळीनंतर तुळशीला तांब्याभर पाणी, तसंच तिलाही तांब्याभर.

तुम्ही प्रेमानं तिला बुडवत होतात. पानं पिवळी पडली. एका सकाळी तुम्ही माती उकरलीत आणि ओल्या गोणपाटासारखा तो वास वर आला. मुळांच्या जागी तपकिरी, रिकाम्या सुतळ्या होत्या. बांधावर उभं राहून पिकाचा रोग ओळखणाऱ्या तुम्ही कितीतरी वेळ उकिडव्या बसून राहिलात.

"माज्या मातीत मेलं?" तुम्ही म्हणालात. पुन्हा एकदा, आणखी हळू. "माज्या मातीत?"

अख्खी मेली नव्हती. दोन पानं आणि एक मूळ उरलं होतं. सत्काराची वस्तू उकिरड्यावर दिसली तर लोक काय म्हणतील, असं म्हणत तुम्ही ते धुऊन एका फुटक्या दुरडीत ठेवलंत आणि दुरडी टेकवलीत रांजणाला, कारण पडवीत तेवढीच एक सावलीची जागा रिकामी होती. त्यामागे काही योजना नव्हती, हे तुम्ही नंतर सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगायचात. मला ते तुमचं सांगणं फार आवडे.

उन्हाळा आला. बीडचा उन्हाळा, ओल्या केसांना टॉवेल लावायची गरज पडत नाही असा. दुपारी पडवीच्या जाळीवर पोतं ओलं करून टाकायचं आणि तासाभरात ते कडक व्हायचं. त्या दिवसांत रांजण तेवढा घामेजलेला असे. एका दुपारी तुम्ही मला हाक मारलीत आणि त्या हाकेनंच मी दचकले, कारण ती कुजबुज होती. माइकशिवाय सभा गाजवणारा तुमचा आवाज मी तोवर कधी इतका लहान झालेला ऐकला नव्हता.

"इकडं ये. बोलू नको. नुसतं बघ."

दुरडीच्या भोकातून ते एकुलतं मूळ बाहेर आलं होतं आणि हवेतून वीतभर चालत जाऊन त्यानं रांजणाच्या पोटाला स्पर्श केला होता. चंदेरी, पेन्सिलीएवढं जाड, आणि टोकाशी काचेसारखा पारदर्शक हिरवा थेंब. तुम्ही तांब्यात बोट बुडवलंत आणि त्या चांदीवरून एकदा फिरवलंत. बोट जिथून गेलं तिथली चांदी हिरवी झाली. आपल्या डोळ्यांदेखत, आतून दिवा लागावा तशी.

"रंग बदलला ना गं?" तुम्ही माझा दंड धरलात. "मला दिसतंय तेच तुला बी दिसायलंय ना?"

मला दिसत होतं. मी नंतर वाचलं, की त्या मुळावर एक पांढरा, स्पंजासारखा थर असतो. तो पाणी ओढून घेतो, मग पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसतो. आणि तो हिरवा रंग पानांतलाच असतो; म्हणजे ही मुळं नुसती पीत नाहीत, ती उजेडही खातात. मी तुम्हाला हे वाचून दाखवलं. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि म्हणालात, "कारण कळलं म्हनून नवल कमी व्हत न्हाई." आयुष्यभर कवितेच्या तासाला मी जे सांगायला धडपडत होते, ते तुम्ही भाजी निवडता निवडता सांगून गेलात.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, हे मी सांगितलं त्या दिवसापासून ती आमरी झाली. दुरडी गेली. मुळं वाढली, रांजणाला वेढे घालून बसली. बोअरच्या पाण्याचे क्षार मातीवर पांढरे फुटतात आणि मुळांना जाळतात, म्हणून तुम्ही रोज सकाळी ओल्या फडक्यानं रांजणाचं पोट पुसायचात. मुळाच्या अलीकडून आणि पलीकडून, मुळाला धक्का न लावता. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवायला तुम्हीच लावलंत. कुणी पाहुणी आली की प्रश्न ठरलेला, "अक्का, प्लास्टिकचं हाय का?" आणि उत्तरही ठरलेलं, "हात लावू नको, रुसतंय."

शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "बांडगूळ दिसतंय." तुम्ही ताठ झालात. "बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस पितंय. ही नुसती टेकलीया. रांजणाचं काय कमी झालंय का?" वहिनी गेल्या. भाकरी थापता थापता तुम्ही अचानक विचारलंत, "खरं सांग. मी तुमच्या घरात टेकलीय, का शिरलीय?"

मी म्हणाले, "अक्का, रांजण तर तुमचाच आहे."

"ते उत्तर न्हाई," तुम्ही म्हणालात आणि भाकरी उलटलीत.

ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं. पुढे कितीदा आपण या वळणावर आलो आणि तुम्ही हसून परत फिरलात. मला म्हणायचं होतं, की तुम्ही येण्याआधी या घराला भिंती होत्या, आवाज नव्हता. की कॉलेजातून येताना कोपऱ्यावरच तुमचं हसणं ऐकू आलं की माझे खांदे सैल व्हायचे. की टेकणारं आणि टेकू देणारं यांतलं कोण कोणाच्या आधारानं उभं आहे, हे मला तुम्हा दोघींकडे पाहून कधीच ठरवता आलं नाही. हे मी कुठल्याही सभेत सहज बोलले असते. स्वयंपाकघरात बोलायला शब्द जड होतात.

रांजणावर ती पहिल्यांदा फुलली तेव्हा आपलं खरं भांडण झालं. पहिलं फूल नारायणगडावर देवाला न्यायचं, असं तुम्ही ठरवलंत. मी आडवी आले. झाडावर ते महिना-दोन महिने जगेल, तोडलंत तर हा जीव घेणंच झालं, असं काहीतरी मी बोलले.

"देवाला शिळं चालत न्हाई. मंग जितं बी चालत न्हाई व्हय?"

"देवाला इथूनही दिसेल की, अक्का."

"मग गड कशाला बांधलाय, मास्तरीणबाई?"

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग लुगडं नेसून एकट्याच एसटीनं गडावर गेलात. मी धावत पडवीत आले, दांडा पाहिला. सगळी फुलं जागच्या जागी होती. संध्याकाळी परतलात, चेहरा उन्हानं लाल झालेला, हातात प्रसाद. "सांगून आले," तुम्ही म्हणालात. "फूल घरी हाय, बघायचं आसल तर या." मग पुढे सरकून, जरा खालच्या आवाजात, "तोडायला गेलते पहाटं. हातच उचलला न्हाई." कोण जिंकलं, हे त्या दिवशी ठरलं नाही. नंतरही नाही.

गेल्या वर्षी साखरेनं तुमचे पाय सुजले, मग धाप लागायला लागली. तरी रोजचं फडकं चुकलं नाही. या माघात थंडीनं दांडा फुटला तेव्हा तुम्ही तो खुर्चीवर बसूनच पाहिलात. आणि ज्या सकाळी तुम्हाला दवाखान्यात न्यायचं होतं, नेमका त्याच सकाळी नळ आला. रिक्षा दारात उभी, मी तुमची औषधं पिशवीत भरते आहे, आणि पडवीतून तांब्याचा आवाज. तुम्ही एका हातानं भिंत धरून रांजण भरत होतात. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "गळ्यापोतर भरू दे. मला किती दिस लागत्यात कोनाला ठाव."

तुम्ही परत आला नाहीत. आणि सुतक लागल्यावर त्या रांजणाला कुणी तांब्या लावला नाही. घरातली सगळी जारचं पाणी पीत होती. रांजण तसाच भरलेला, झाकलेला, गप्प, आणि बाहेरून आपला ओला. पातळी बोटाबोटानं उतरताना मी झाकण उचलून पाहत असे. मला वाटे, हवा ते पाणी नेते आहे.

दहाव्याची सकाळ. पडवीत ऊन आलं होतं. नवा रांजण दारात ठेवलेला. तुमचा लेक भैय्या, पांढरे कपडे, डोळे सुजलेले, हातात सुरी घेऊन उभा होता.

"काकू, मी हळूच सोडवतो. न्हाई जगली तर पुन्याहून तसल्या धा आनून देतो, मग तर झालं?"

"मुळं सोलली तर ती जगणार नाही, भैय्या. कळ्या आधी गळतील."

"लोक घाटावर थांबलेत हो काकू."

तुमचे दीर, आमचे हे, खाली पाहत होते. भावाचा आणि आता वहिनीचा शोक यांच्यामध्ये एका झाडासाठी वाद घालणं त्यांना जमत नव्हतं. मला जमत होतं का? मी आत्याबाईंकडे वळले. "आत्याबाई, मला नियम मोडायचा नाही. पण तुम्ही एकदा उजेडात बघा. मग तुम्ही सांगाल ते."

त्या वाकल्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. त्यांनी एका मुळाच्या कडेला नख घालून पाहिलं. ते उचललं जाईना. बोट मुळावरून रांजणावर, रांजणावरून मुळावर गेलं आणि कुठे एक संपून दुसरं सुरू होतं ते त्यांना सापडेना, तसं ते बोट थांबलं.

"आत पानी हाय?"

"अक्कांनी भरलेलं आहे."

"मंग ते तर ओतावंच लागल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी भैय्याला बाजूला केलं, तांब्या आत घातला. तो तळाशी जवळजवळ वाजला. अर्धा तांब्या पाणी निघालं. मोरीत टाकायला त्या वळल्या, थांबल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी ते रांजणाच्या खांद्यावरून हळूहळू सोडलं.

अक्का, सगळी मुळं एकदम पेटली. वरून खाली, एकेक, चांदीतून हिरवी होत गेली. एक नाही, दोन नाही, रांजणभर. जणू मिटलेला एक पंजा उघडत होता. भैय्याच्या हातातली सुरी खाली गेली.

"आगं बया," आत्याबाई म्हणाल्या. त्या खालीच बसल्या. "आगं बया. जित्ती हाय की गं ही."

मग पदरानं डोळे पुसून त्यांच्या नेहमीच्या, निवाड्याच्या स्वरात त्यांनी सांगितलं, "तोंड फोडा ह्याचं. तळ बी फोडा. पानी धरत न्हाई ते भांडं न्हाई. सुतक भांड्याला आसतंय, खापराला न्हाई."

"आत्या, असं चालतं का?" तुमच्या दिरांनी विचारलं.

"मी सांगतेय म्हंजे चालतंय. तू हातोडी आन."

ओलं पोतं गुंडाळलं. भैय्यानं खाली बसून दोन्ही हातांनी रांजणाला मिठी मारली, गाल मातीला लावला. हादरा मुळांना लागू नये म्हणून. पण अक्का, त्याचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस तो कार्यकर्त्यांत उभा राहून रडू आवरत होता. पहिला घाव पडला आणि रांजणाला धरून तो हमसून रडला, तेव्हा घाव घालणारे तुमच्या दिरांचे हातही थांबले.

"रडू दे," आत्याबाई म्हणाल्या. "पन सोडू नको."

गळा निघाला. मग तळ. मग एक लांब चीर सरसरत आली आणि दोन मुळांना तोडत गेली. एक कळीही पडली. आत्याबाईंनी ती उचलून पदराच्या गाठीत बांधली आणि घाटावर नेली. बाकीची आमरी एका रुंद, बाकदार खापरावर शाबूत राहिली. ते खापर मी पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. आता त्याच्या आतून काही झिरपत नाही. सकाळ-संध्याकाळ मीच फडकं ओलं करून खापराची पाठ भिजवते आणि मुळं हिरवी होईपर्यंत हलत नाही.

काल ती भिजवताना माझ्या ध्यानात आलं. सुतकाच्या त्या दिवसांत तुम्ही भरलेलं पाणी हवेनं नेलं, असं मी समजत होते. सगळं नाही नेलं. घरात सगळ्यांना वर्ज्य असलेलं ते पाणी मातीतून थेंबाथेंबानं झिरपत राहिलं आणि ती एकटी ते पीत राहिली. या कळ्या त्याच दिवसांत मुगाच्या हरभरा झाल्या. त्या उमलतील तेव्हा मी कशाकडे पाहत असेन, याला माझ्याजवळ शब्द नाही, आणि पहिल्यांदाच शब्द नसल्याचं मला काही वाटत नाही.

आत्याबाई चकलांब्याला परतल्या आहेत. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. आजही आला.

"उमलली का गं?"

"नाही अजून, आत्याबाई."

"पानी दिलं?"

"दिलं."

पलीकडे गुरांच्या घंटा वाजत होत्या.

"तिला म्हनावं, घाई न्हाई."